बातमी गावोगाव, तळटीप घरी

नाना, तुमच्या दशक्रियेच्या दिवशी सगळे पांझरेच्या काठी जमले होते आणि मी सुरतेत होते. तुमच्या घरी अक्कांना विचारून गेले होते. त्या म्हणाल्या, "जाय तू. त्यास्नं अर्धं काम तठेच राह्यनं." बाकीच्यांना मात्र ते बरं दिसलं नाही. तुमच्या पुतण्याने फोनवर सुनावलंच, "इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत आणि शेवटचं पाणी द्यायला आला नाहीत?" त्याला काय सांगणार? जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही असताना सांगायचं होतं.

ते राहिलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी पहिल्यांदा धुळ्याला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बोदवडला वडील रेल्वेत पॉइंट्समन, आमच्या वस्तीतून टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिलीच मुलगी. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत तुमची एका खोलीची कचेरी होती. दारावर पाटी: 'जाहिरात एजंट'. आत एक टेबल, एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाईल यंत्र आणि भिंतीला टेकवलेले पोस्टाच्या पाकिटांचे गठ्ठे. तुम्ही मला एक परिच्छेद टाइप करायला दिलात, कागद उजेडात धरून पाहिलात आणि म्हणालात, "सोमवारपासून ये." राहायला खोली शोधताना दोन घरमालकांनी आडनाव विचारलं आणि खोली एकाएकी भाड्याने गेल्याचं सांगितलं. तिसऱ्याने विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या आधी बोललात. "आडनाव टायपिंग करत नाही हो, पोरगी करते. खोली दाखवा." त्याने खोली दाखवली. मी तिथे आठ वर्षं राहिले. त्याबद्दल मी तुम्हाला कधी 'बरं केलंत' असंही म्हटलं नाही.

तुमचा धंदा सुरुवातीला मला कळला नव्हता. इतर एजंट साडीच्या दुकानाची, मोटारपंपांची जाहिरात घेत आणि एखाद्या साप्ताहिकाला नेऊन देत. तुम्ही उलटं केलंत. शिरपूरपासून जामनेरपर्यंतची छोटी साप्ताहिकं तुमच्या डोळ्यांसमोर होती. संपादक एकटाच, बातम्या नाहीत, जागा मात्र भरायची. तुम्ही दर गुरुवारी एक पत्रक काढायचात: कापसाचे-केळीचे भाव, परीक्षांच्या तारखा, एसटीच्या नव्या गाड्या, कुठे विहिरीचं पाणी वाढलं, कुठे पूल खचला. ते सगळ्यांना फुकट पाठवायचात. संपादक खूश, कारण त्याचे रकाने भरायचे. आणि पत्रकात बातम्यांच्या मधे दोन ओळी तुमच्या गिऱ्हाइकाच्या. एका स्टेन्सिलवर टाइप केलेली ओळ आठवड्याभरात सबंध खान्देशात छापून यायची.

"आपण बातमी फुकट वाटतो," तुम्ही मला सांगितलं होतं, "आणि तिच्या पाठीवर बसून दुकान गावोगाव फिरतं." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

पण जामनेरचं ते प्रकरण झालं. मला आठवतं, स्टेन्सिल मीच टाइप केली होती. चष्मे विकणाऱ्या एका माणसाने तुम्हाला ओळ दिली होती, 'जामनेर येथे रविवारी मोफत नेत्रतपासणी'. जाहिरात असल्याची खूण कुठेच नव्हती. साप्ताहिकांनी ती बातमी म्हणूनच छापली, काहींनी तर पहिल्या पानावर. रविवारी तुम्ही स्वतः तिथे गेलात, तुमच्या आईला घेऊन. तिला एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. तिथे डॉक्टर नव्हता. एका लाकडी पेटीत तयार चष्मे होते आणि तो माणूस एकेक म्हाताऱ्याच्या नाकावर चढवून विचारत होता, "आता दिसतं का?" बैलगाड्या करून, एसटी बदलून आलेली माणसं झाडाखाली बसली होती. सोमवारी तुम्ही कचेरीत आलात तेव्हा तुमच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही खुलासा लिहिलात, मी तो टाइप केला, सगळ्यांना पाठवला. किती साप्ताहिकांनी छापला ते आपण दोघांनी मिळून पाहिलं होतं. कुणीच नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "बातमी गावोगाव जाते, बेटा. तळटीप घरी राहते."

त्यानंतर तुमच्या पत्रकात प्रत्येक जाहिरातीच्या आधी 'जाहिरात' हा शब्द मोठ्या अक्षरांत येऊ लागला. काही गिऱ्हाइकं गेली. तुम्ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेलात, हसत.

माझं लग्न झालं, मी जळगावला आले, टायपिंगचं दुकान काढलं, मग संगणक घेतले. तिकडे मोठ्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या निघाल्या, साप्ताहिकं एकेक करून थंडावली आणि तुमचं पत्रक बंद पडलं. तुम्ही सत्तरीला आलात. अक्का म्हणायच्या, घरात बसून तुम्ही त्यांच्या भाजीच्या टोपलीलासुद्धा शीर्षक द्यायला लागलात.

आणि मग मी इंटरनेटवर साइट काढली. खान्देशाबाहेर गेलेल्या माणसांसाठी गावाकडच्या बातम्या. बातम्या कोण देणार, तर तुम्ही. आठवड्यातून दोनदा धुळ्याहून एसटीने यायचात, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून आणलेल्या बातम्या पिशवीत. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन आणि टिंबं होऊन उमटतात, म्हणून मी शीर्षकं इंग्रजी अक्षरांत बसवायची. त्यावरून तुम्ही दर वेळी चिडायचात. "मराठीला परकी टोपी कशाला घालतेस?" मी म्हणायचे, "टोपी घातली तरच ती दारातून आत जाते, नाना." तुम्ही चहा प्यायचात आणि पुढची बातमी वाचून दाखवायचात.

याच वर्षी मी एका मासिकात वाचलं की अमेरिकेत नुकताच एक नवा साचा निघालाय, त्याला फीड म्हणतात. मी तुम्हाला समजावून सांगितलं. आपल्या साइटवर एक छोटी फाईल ठेवायची. तिच्यात ताज्या बातमीचं शीर्षक, दोन ओळी आणि आपल्या पानाचा पत्ता. दुसऱ्या साइटवाल्यांचे संगणक आपणहून येऊन ती फाईल वाचतात आणि आपलं शीर्षक त्यांच्या पानावर दिसू लागतं. तिथल्या वाचकाने त्यावर बोट दाबलं की तो आपल्याकडे येतो. आपल्याकडे आला की आपल्या जाहिराती बघतो.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. पडद्याकडे बघत राहिलात. मग एवढे हसलात की बाहेरच्या बाकावर टायपिंगला बसलेल्या मुली वळून बघायला लागल्या.

"हाई ते आपलं सायक्लोस्टाईलच शे, बेटा! फक्त तिकीट चिटकाडानं नही."

तुम्ही आनंदात असलात की अहिराणीवर यायचात. त्या दिवशी दुपारभर तुम्ही अहिराणीतच बोलत होतात.

आपली फीड पहिल्यांदा घेतली अमेरिकेत राहणाऱ्या अमळनेरच्या एका माणसाने. मग पुण्याच्या एका शेतीच्या साइटने. आणि मग सुरतेच्या देविदासने. देविदास मूळचा शिंदखेड्याकडचा. सुरतेत जिथे आपल्या भागातली माणसं यंत्रमागांवर काम करतात त्या वस्तीत त्याचं संगणकाचं दुकान आहे. त्याने फोन करून सांगितलं की तो आपली शीर्षकं रोज सकाळी कागदावर उतरवतो आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर चिकटवतो. मागावर जाणारी माणसं थांबून वाचतात. तेही मराठी अक्षरांत. तो रोज स्वतःच्या हाताने पुन्हा मराठीत लिहून काढायचा. हे ऐकून तुमचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

आपलं एक भांडण तेव्हा सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत चाललं. तुमचं म्हणणं, फीडमध्ये पूर्ण बातमी द्यावी. माझं म्हणणं, शीर्षक आणि दोन ओळीच द्याव्यात. सगळं तिथेच वाचायला मिळालं तर आपल्या पानावर कोण येईल, आणि आपल्या पानावर कुणी आलं नाही तर जाहिरात कोण देईल?

"अर्धं सांगून बोलावणं," तुम्ही म्हणालात, "म्हणजे ओट्यावरून हाक मारायची आणि दार लावून घ्यायचं."

"दार उघडंच आहे नाना. आत या एवढंच म्हणतेय."

"सुरतेच्या फळ्यासमोर उभा असलेला माणूस आत कसा येणार?"

तरी मी हरले असं मानलं नाही. आजही मानत नाही. साइट चालायची तर लोकांनी साइटवर यायलाच हवं. हे भांडण मी तुमच्याशी अजून दहा वर्षं आनंदाने केलं असतं.

दुसरं भांडण तसं नव्हतं.

तुम्ही खोकल्याने धुळ्यात पडून होतात त्या आठवड्यात माझ्याकडे एक जाहिरात आली. धुळ्यातला एकजण कसलंसं तांत्रिक प्रशिक्षण देत होता. त्याचं नाव लिहीत नाही. त्याने दुकान गुंडाळलं आणि तो गेला. त्याचं म्हणणं, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठा कारखाना येतोय, त्यासाठी आधी हे प्रशिक्षण घ्या. मी शीर्षक लिहिलं: 'नरडाण्यात नवा कारखाना, कामगारांची भरती सुरू'. आत पानावर प्रशिक्षणाची माहिती होती. अगदी खाली, बारीक अक्षरांत 'जाहिरात' असंही होतं. मी ते लिहिलं होतं, नाना. लपवलं नव्हतं. एवढंच, की शीर्षक फीडमधून गेलं आणि तो शब्द आपल्या पानावर राहिला. त्या शीर्षकावर जितकी माणसं आली तितकी आधी कधीच आली नव्हती. मी खूश होते. तुम्हाला फोन करून सांगितलंही, "आज फार लोक आले." तुम्ही खोकत म्हणालात, "कशासाठी?" मी म्हटलं, "या मग सांगते."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तुम्ही दुकानाच्या दारात उभे राहिलात. तुमच्यामागे एक माणूस, एक बाई, दोन मुलं आणि एक पत्र्याची पेटी. त्या माणसाचं नाव सुकलाल, बायकोचं इंदू. सुकलालने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. देविदासच्या फळ्यावरचा. त्यावर फक्त माझं शीर्षक होतं, आणि खाली साइटचं नाव आणि बातमीदार म्हणून तुमचा धुळ्याचा पत्ता. तो सुरतेत बारा वर्षं मागावर होता, मागांच्या एका शेडवर देखरेख करायचा. त्याने काम सोडलं, खोली सोडली आणि बायकामुलांना घेऊन गाडीने नरडाण्याला उतरला. तिथे त्याने दिवसभर विचारपूस केली. मग कागदावरचा पत्ता शोधत तुमच्या घरी आला.

"ताई," तो मला म्हणाला, अगदी साधेपणाने, एखाद्याने वाट विचारावी तसं, "कारखाना कोठे शे?"

तुम्ही म्हणालात, "रेखा, ते पान उघड." मी उघडलं. तुम्ही खालपर्यंत वाचत गेलात, तो बारीक शब्द सापडेपर्यंत. मग त्या चौघांना समोरच्या हॉटेलात चहा प्यायला पाठवलंत.

"हा शब्द वर का नाही?"

"वर लिहिलं तर कुणी उघडत नाही, नाना."

"मग उघडू नये."

"असं म्हणून साइट चालत नाही. मी काही खोटं लिहिलेलं नाही. खाली स्पष्ट लिहिलंय."

"खाली लिहिलेलं सुरतेला पोचलं नाही."

मी चिडले होते. खरं तर घाबरले होते. त्या दोन मुलांनी पेटीवर बसून माझ्याकडे पाहिलं होतं ते मला सहन होत नव्हतं. आणि मी तुम्हाला म्हणाले, "तुम्ही मला शिकवू नका. जामनेरला म्हाताऱ्यांना झाडाखाली कुणी बसवलं होतं?"

तुम्ही चष्मा काढलात, त्याच्या डबीत ठेवलात, डबी खिशात घातलीत. टायपिंगच्या मुली की-बोर्डवर मान खाली घालून बसल्या होत्या, एकीचीही बोटं हलत नव्हती.

"म्हणूनच सांगतोय, बेटा," तुम्ही म्हणालात. आणि गेलात.

त्या वाक्यात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

पुढचं मला अक्कांकडून कळत गेलं. तुम्ही त्या कुटुंबाला घरी ठेवून घेतलंत. सुकलालला घेऊन तीन दिवस नरडाण्याला गेलात, एकेका गेटवर उभे राहिलात. काम मिळालं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर सुरतेच्या गाडीत बसलात. अक्कांनी अडवलं, खोकला बरा होऊ द्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, मागचा खुलासा मी पोस्टाने पाठवला होता, हा हाताने नेतो.

मला तुमच्याबरोबर जाता आलं असतं. अक्कांनी फोनवर तसं सुचवलंही होतं. मी म्हटलं, दुकान बंद ठेवता येणार नाही. दुकान त्या दिवशी तसंही रिकामंच होतं.

तुम्ही परत आलात ते सरळ जळगावला. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी होतं. पिशवीतून एक वही काढलीत. फळ्यासमोर उभं राहून तुम्ही माणसांना विचारलं होतं, तुम्हाला गावाकडचं काय हवं? आणि त्यांनी सांगितलं होतं. दोंडाईच्याच्या शाळेचा दहावीचा निकाल. अमुक गावाच्या नाल्यावर पूल झाला का. बोदवडहून सकाळची गाडी अजून आहे का. एकाने विचारलं होतं, आमच्या गल्लीतला आंधळा तुकाराम अजून दारात बसतो का. पानंच्या पानं. तुम्ही ती मला वाचून दाखवलीत, आणि जामनेरचा किंवा माझ्या त्या वाक्याचा विषय काढला नाहीत. मीही काढला नाही. तुम्ही सांगितलेला खुलासा मी टाइप केला, 'नरडाण्याची भरती खरी नव्हती, चूक आमची'. तो फीडमधून पाठवला. त्या प्रशिक्षणवाल्याची जाहिरात काढून टाकली.

निघताना तुम्ही विचारलंत, "पुढच्या जाहिरातीचं शीर्षक कसं करशील?"

मी म्हणाले, "बघू."

खोकला वाढला म्हणून तुम्ही पुन्हा जळगावला आला नाहीत. तिसऱ्या आठवड्यात अक्कांचा सकाळी फोन आला.

'बघू' हा मी तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द. तुम्ही एवढं शिकवलंत, आणि माझ्याकडून तुम्हाला निरोपाला हे मिळालं.

म्हणून मी सुरतेला गेले. देविदासच्या फळ्यावर तुमचा फोटो लावलेला होता, झेरॉक्स काढलेला, त्यामुळे तुमचं नाक होतं त्याहून मोठं दिसत होतं. माणसं मागावर जाता जाता थांबत होती. तुमच्या वहीतल्या प्रश्नांची जितकी उत्तरं मी जमवली होती ती मी तिथे उभी राहून वाचून दाखवली. पूल झालाय. सकाळची गाडी आहे. तुकारामबाबा आहेत, दारातच बसतात, आणि आवाजावरून अजून प्रत्येकाला ओळखतात. ज्याने हे विचारलं होतं तो पन्नाशीचा माणूस तिथे उभा होता. त्याने टोपी काढली आणि तोंडावर धरली.

मग मी इंदूकडे गेले. त्यांना नवी खोली मिळालीय, आधीच्याहून लहान. जुन्या मालकाने सुकलालला परत घेतलं नाही. तुम्ही आणि देविदासने मिळून दुसऱ्या शेडमध्ये लावून दिलंत, पण देखरेखीचं काम गेलं, आता तो साधा कारागीर आहे. इंदू दारात बसून सुताच्या कांड्या निवडत होती. मला बघून उठली. म्हणाली, नाना फार चांगला माणूस होता. मग म्हणाली, "नानानी बठ्ठास्मोर सांगं, चूक मनी शे. मीच लिखेल व्हतं."

नाना, तुम्ही हे केलंत? फळ्यासमोर, सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव घेतलंत? आणि परत येऊन मला एका शब्दाने कळू दिलं नाहीत?

मी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "ते नानांनी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. नानांना माहीतही नव्हतं."

इंदूने हातातली कांडी खाली ठेवली नाही. नुसती फिरवत राहिली. तिच्या मनात काय आलं असेल ते विचारायचा मला अधिकार नव्हता. आत पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, तिची मोठी मुलगी चहा ठेवत होती. शेवटी इंदू म्हणाली, "आते काय करानं." तो प्रश्न नव्हता. मग थोड्या वेळाने, चहा माझ्या हातात देताना, तिने खरा प्रश्न विचारला, "मना माहेरनी बातमी कधी येस?"

तिचं माहेर साक्रीकडचं एक छोटं खेडं. मी नाव लिहून घेतलं. मागच्या सोमवारी तिथे जाऊन आले. बातमी एवढीच होती की देवळाच्या मागे नवा हातपंप बसलाय. आपल्या फीडमध्ये ती चार ओळींची पूर्ण बातमी गेली, शीर्षकापुरती नाही. फक्त ती एक, नाना. बाकीच्यांबद्दल मी तुमचं अजून ऐकलेलं नाही.

आता परवाची गोष्ट सांगते. जामनेरच्या काही बायका मिळून ज्वारीचे बिबडे, आपले जाड पापड, करतात. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले त्यांना सुरतेतल्या आपल्या माणसांना घरपोच पाठवायचेत. त्या माझ्याकडे जाहिरात घेऊन आल्या. मी आधी त्यांच्याकडे गेले, माळवदावर बसून दोन बिबडे भाजून खाल्ले, डबे उघडून पाहिले. मग शीर्षक लिहिलं: 'जाहिरात: जामनेरचे बिबडे सुरतेत घरपोच'. तो शब्द सगळ्यांत आधी. पाठवायचं बटण दाबताना मला वाटलं, आता कुणी ढुंकूनही बघणार नाही.

काल सकाळी दुकान उघडलं आणि सुरतेहून एसटीडी फोन आला. एक म्हातारी बाई, मोठ्याने बोलणारी, देविदासच्या दुकानातून.

"जाहिरात शे ते माले समजनं," ती म्हणाली. "त्या नानास्ना फळावर शे ना ती? मंग खरं सांग, बिबडा चांगला शेत का?"

"चांगले आहेत, आजी. मी स्वतः खाऊन आले."

"मंग धाडी दे."

दुपारपर्यंत तसे आणखी फोन आले. सगळ्यांनी तो शब्द वाचला होता. वाचूनच विचारत होते. मी एवढी वर्षं समजत होते की तो शब्द दिसला की माणूस दूर जातो. तो विचारायला जवळ येतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? की तुम्हीही नुसतं बरोबर आहे म्हणून करत होतात, पुढे काय होईल याचा विचार न करता? हे तुम्हाला विचारायचं होतं.

विचारायचं होतं म्हणून हात आपोआप फोनकडे गेला. धुळ्याचा कोड, मग तुमचा नंबर. तिकडे घंटा वाजायला लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ठेवणार होते. तेवढ्यात पलीकडे फोन उचलला गेला.

"कोण?" अक्कांचा आवाज.

"मी रेखा," मी म्हणाले. "अक्का, चुकून लागला. मी... नानांना सांगायला..."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तुमचीच असणार, फोनजवळची. त्या बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "मी ऐकस."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बिबड्यांपासून सुरुवात केली आणि उलटं मागे जात जात, त्या दुपारी मी तुम्हाला काय बोलले होते तिथपर्यंत.